तळ्याकाठचं पान

“श्रीरंग, पाटी वाच. अन्न बाहेर ठेवलं तर अस्वलं येतात.”

“कावळाही येतो. आज सर्वपित्री आहे,” म्हणत नवऱ्यानं सासऱ्यांच्या नावाचं पान कॅम्पर गाडीबाहेरच्या बाकावर ठेवलं. वडे, मी केलेली खीर, भातावर दह्याचा ठिपका. “अमेरिकेतल्या तळ्याकाठीही बाबा येणारच. रूप कुठलंही असो.”

सासरे शेवटपर्यंत आमच्याकडेच होते. माझ्या हातचं काही त्यांना कधी आवडलं नाही. श्रीरंग आत आल्यावर मी गाडीचं दार लावून घेतलं.

कावळा आला नाही. झाडीतून काळं अस्वल आलं. त्यानं पान चाटूनपुसून साफ केलं आणि मग मागच्या पायांवर उभं राहून दाराला पंजे लावले. गाडी डुलायला लागली.

“बाबा आलेत. खीर आवडलेली दिसतेय,” मी म्हणाले. “नमस्कार करून घे.”

श्रीरंगनं गाडीतल्याच टॉयलेटमध्ये शिरून आतून कडी घातली. “हाकल त्यांना! लवकर हाकल!”

इतकी वर्षं ज्या परवानगीची वाट पाहिली, ती अशी कडीआडून मिळाली. मी पुढच्या सीटवर बसले आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला.