चिकूची शिकवणी

चिकूने पुढचा पाय उचलून किसनरावांच्या गुडघ्यावर ठेवला आणि वाट पाहिली. ओसरीवरच्या खुर्चीत बसलेले किसनराव भिंतीकडेच पाहत राहिले. चिकूने पाय काढला आणि जरा वेळाने पुन्हा ठेवला. कुत्र्याच्या जातीला मान-अपमान नसतो म्हणून बरं.

"आबाजी, तो हात मागतोय तुमचा," सुरभी म्हणाली.

दर रविवारी ती या गलेलठ्ठ लॅब्रॅडोरला स्कूटरवर पुढे बसवून वर्ध्याहून आंजीला आणायची. आजारी, म्हाताऱ्या माणसांजवळ कुत्रं बसवलं की त्यांचं मन हलकं होतं, असा तिचा अनुभव होता आणि तेच तिचं काम होतं. चिकू त्यात तरबेज. तो भुंकत नसे, कुणी शेपूट ओढली तरी जागचा हलत नसे.

किसनराव मात्र लकवा मारल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "जीभ आता मोकळी आहे. पण आत्ताच बोलते झाले नाहीत, तर पुढे कठीण आहे." तेव्हापासून त्यांच्या बायकोचा, पंचफुलाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. रात्री शेतातल्या माळ्यावरून या माणसाने डुकरांना घातलेली आरोळी धाम नदीच्या पल्याड ऐकू जायची. घरातही तोच आवाज. 'हळू बोला ना जी' म्हणण्यात पंचफुलाबाईंचा सारा संसार गेला. आता त्यांना तोच आवाज हवा होता. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"काई उपेग नाई, पोरी," अंगणातल्या बाजेवर मुगाच्या वड्या घालता घालता त्या म्हणाल्या. "वावरात याइचे कुत्रे कसे होते, वाघासारखे! डुकराच्या मांगं धावत. हे तुह्यं कुत्रं तं गादी हाय गादी. डोकं ठेवा अन् झोपा."

"अजून थोडे दिवस बघू ना, आजी."

"पाह्य माय. मी कुठं नाई म्हन्तो."

शेवटची वडी घालून त्या उठल्या. वड्यांवर झाकायला जुनी साडी आणायची होती, म्हणून आत गेल्या.

तेवढ्यात टिनावर धपकन काहीतरी पडलं. मग आणखी काही. वांदरांची टोळी छपरावरून अंगणात उतरली आणि सगळ्यांत मोठा हुप्प्या सरळ बाजेवर जाऊन बसला.

सुरभी घाबरली. तिने चिकूचा पट्टा धरला. "चिकू, स्टे!" चिकू तसाही कुठे जाणार नव्हता.

किसनरावांची मान भिंतीकडून अंगणाकडे वळली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट बसला. ओठ हलले, घशात काहीतरी घरघरलं आणि बाहेर आलं,

"छू."

सुरभीने गर्रकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. आत, साडी शोधणारे हात थांबले. चिकूने मात्र प्रेमाने शेपूट हलवली. अंगावर धावून जायला सांगणारा हा शब्द त्याला जन्मात कुणी शिकवला नव्हता.

"छू!"

चिकूने क्षणभर विचार केला आणि पाय उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

हुप्प्याने मूठभर ओल्या वड्या तोंडात कोंबल्या. किसनराव कानापर्यंत लाल झाले.

"अबे, हात काय देऊन राह्यला! तिकडं पाह्य ना बे! वांदर... वांदरानं सप्पा वड्या खाल्ल्या! ऊठ! हाऽऽड! हाऽऽड रे हाऽऽड!"

शब्द जड होते, एकमेकांना चिकटलेले होते. पण आरोळी जुनीच होती. हुप्प्याने तोंडातल्या वड्या तशाच टाकल्या आणि टिनावर उडी मारली. त्याच्यामागे सगळी टोळी कडुलिंबावर आणि तिथून गावाबाहेर. सगळं शांत झाल्यावर चिकू उठला, रिकाम्या अंगणाकडे तोंड करून एकदाच 'भो' म्हणाला आणि शाबासकीसाठी सगळ्यांकडे पाहू लागला.

पंचफुलाबाई दारात उभ्या होत्या. साडी हातात तशीच. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडाला नेहमीचंच वाक्य आलं.

"काऊन वरडून राह्यले? हळू बोला ना जी."

"काऊन हळू?" किसनराव म्हणाले. मग त्यांनी चिकूकडे असं पाहिलं, जसं एखाद्या नापास पोराकडे बघावं. "बिनकामाचं हाय हे." धाप लागली म्हणून ते थांबले. डावा हात चिकूच्या डोक्यावर पडला आणि तिथेच राहिला. "उद्या आणजो याले. शिकवा लागते."

"आबाजी, मी रविवारी..."

"उद्या!"

सुरभी हसायला लागली आणि हसता हसता रडली. "आणते, आबाजी. उद्याच आणते."

त्या रात्री पंचफुलाबाईंनी मुगाची डाळ पुन्हा भिजत घातली. सकाळी ती वाटली, अंगणातल्या बाजेवर ओळीने वड्या घातल्या. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वाजली. किसनराव खुर्चीत ताठ होऊन बसले.

पंचफुलाबाईंनी वर, कडुलिंबाकडे पाहिलं. मग वड्यांवर झाकायला आणलेली साडी घडी करून परत आत नेऊन ठेवली.