वसिष्ठांचे वंशज

"सगोत्र म्हणजे भाऊबहीणच की!" असं म्हणून पंचगंगा घाटावरच्या विश्वेश्वरशास्त्र्यांनी एका वाक्यात लेकीचं लग्न मोडलं. लेक मालविका वसिष्ठ गोत्राची आणि तिने पसंत केलेला निमिषही वसिष्ठ गोत्राचाच. पण १९९८ साली विद्यापीठात डीएनएवर काम करणारी पोर अशी थोडीच ऐकणार?

"बाबा, एकदा रक्ताची डीएनए तपासणी तर करून घ्या. तुमची आणि निमिषच्या वडिलांची. दोघांचा मूळ पुरुष एकच आहे का, ते कळेल."

शास्त्रीबुवांना हुरूप आला. आता शास्त्रांच्या बाजूने विज्ञानही साक्ष देणार! त्यांनी बाही सरसावून हात पुढे केला.

अहवाल आला. दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एक नव्हताच.

"म्हणजे दोघांपैकी एकजण वसिष्ठांचा नाही?" शास्त्रीबुवांनी अहवाल उलटून पाहिला. "कोण गं?"

"ते सांगायला वसिष्ठांचं रक्त लागेल, बाबा."

शास्त्रीबुवांनी पंचांग पुढे ओढलं.



"पहिला मुहूर्त धरू. फक्त निमिषच्या वडिलांना म्हणावं, वसिष्ठ आमचे; तुम्ही लग्नाआधी स्वतःसाठी दुसरा ऋषी बघून ठेवा."