बोर्सातींसाठी टाळ्या

रोमच्या पेपरात बोर्साती सिनेमांची सालटी काढायचे. 'फिओरेन्झाबाई फक्त शेवटच्या प्रसंगात, प्रेत म्हणून पटतात,' असं त्यांनी एकदा लिहिलं आणि बाईंचं पडद्यावर दिसणं कायमचं बंद झालं. पुढे परदेशी नट्यांना इटालियनमध्ये आवाज देऊन बाईंनी पोट भरलं.

आज बोर्सातींची शवपेटी चर्चबाहेर आली. अशा वेळी टाळ्या वाजवायची इथली रीत. पण जमलेले नट, दिग्दर्शक खिशात हात घालून ढिम्म उभे. एकट्या फिओरेन्झाबाईच तळहात लाल होईस्तोवर टाळ्या पिटत राहिल्या.

बोर्सातींच्या बायकोला भरून आलं. "एवढं होऊनही तुम्ही त्यांना माफ केलंत, बाई?"

"माफ कसलं हो? प्रेताच्या कामात तुमचे यजमान मला अगदी पटले!"