बर्फाची एकच लादी

बर्फाची लादी एकच मिळाली. दिराने ती हातगाडीवर घालून आणली तेव्हा वरच्या गोणपाटातून पाण्याची धार लागली होती. पहाटेपासून वीज नव्हती आणि बर्फाचा कारखाना बंद पडला होता. ही शेवटची लादी, तीही ओळखीमुळे.

पुढच्या खोलीत मक्याच्या कणसांची पोती थप्पी लावून रचलेली होती. सकाळीच उतरलेला माल. मागच्या खोलीत तिचा नवरा, कणीसवाला, पडला होता. माल उतरवून झाल्यावर "जरा पाठ टेकतो" म्हणून आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही. डॉक्टर आला, नाडी बघितली आणि बॅग बंद करून गेला.

"वहिनी, अर्धी लादी दादाला, अर्धी मालाला," दीर घाम पुसत म्हणाला.

"अर्ध्यात दोघांचंही भागणार नाही, भाऊजी."

"पोती तापायला लागलीत. हात लावून बघा. संध्याकाळपर्यंत सगळा माल मातीमोल होईल. आपल्याकडे दुसरं आहे काय? दादा असता तर त्यानेच आधी मालावर बर्फ टाकला असता."

हे खरं होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. कणीस तोडलं की त्याची गोडी उतरायला लागते, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. वरची पानं काढायची नाहीत, गोणपाट सुकू द्यायचं नाही, बर्फ खालूनही हवा आणि वरूनही. रात्री झोपेतून उठून पोत्यांवर पाणी शिंपडून यायचा. "माझं पांघरूण कधी सारखं केलं नाहीत ते," ती कुरकुरायची. "तू काय नासणार आहेस?" असं म्हणून तो पुन्हा घोरायला लागायचा.

फोन वाजला. लेक बसमध्ये होती. मागे हॉर्न वाजत होते आणि तिचा आवाज रडून रडून बसला होता.

"आई, मी येईपर्यंत बाबांना नेऊ नका. मला त्यांचं तोंड बघायचंय. शपथ आहे तुला."

बस दिवेलागणीच्या आधी पोचणार नव्हती. डोक्यावर पत्रा, बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"सगळी लादी आत घ्या," ती दिराला म्हणाली.

"वहिनी, उद्या काय खायचं?"

"उद्याचं उद्या. आज पोरीला बाप दिसला पाहिजे."

दिराने टोचा घेतला आणि लादी फोडायला बसला. आधी रागाने घाव घातले. मग मध्येच थांबला, बाहीने डोळे पुसले आणि हळूहळू फोडू लागला.

बर्फ तिने स्वतः लावला. खाली एक थर, त्यावर तो, दोन्ही कुशींना चुरा, आणि वरून ओलं गोणपाट. शेजारची इस्त्रीवाली दारातच थबकली.

"अगं, चादर घाल की! माणूस आहे तो, पोतं का आहे?"

"चादरीत गार टिकत नाही."

तरी तिला ते लागलं. तिने गोणपाट काढलं, नळाखाली घासघासून धुतलं आणि तेच पुन्हा त्याच्यावर घातलं.

दुपारभर माणसं येत राहिली. जो येई तो गोणपाटाचं टोक उचलून तोंड बघे, च्‌ च्‌ करी आणि पुढच्याला जागा देई. तिने बराच वेळ सोसलं. मग एकदम कडाडली, "सारखं उघडून बघू नका! उघडलं की गेलं!"

ज्याच्या हातात टोक होतं त्याने ते सोडून दिलं. हे बोलणं त्याचं होतं. दाणे बघायला कणसं सोलणाऱ्या गिऱ्हाइकांवर तो अस्साच खेकसायचा. तिला हे बोलून झाल्यावर उमगलं. आधी हसू आलं, आणि त्या हसण्यामागून सकाळपासून अडलेलं रडं आलं.

लेक पोचली तेव्हा बर्फाचं बहुतेक पाणी झालं होतं. आईने स्वतः गोणपाट बाजूला केलं. चेहरा सकाळी होता तसाच होता. गालाला कणसाचा एक केस चिकटला होता, तो तिने काढून टाकला. लेकीने बापाच्या गालावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"केवढे गार पडलेत गं बाबा!"

"हो," आई म्हणाली. तिला समाधान वाटलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली.

मग त्याला नेलं.

सगळं उरकून दीर परत आला आणि पोती बाहेर ओढू लागला. वास सुटायच्या आत टाकलेली बरी. लेक मागच्या खोलीत ओल्या फरशीवर बसून होती. पुढच्या खोलीत शेवटच्या पोत्याला पाठ लावून आई बसली होती. पोत्याचं तोंड सुटलं होतं. तिने सहज आत हात घातला, कोपरापर्यंत.

आत ऊब होती. दमट, जड. रात्री तो पाणी शिंपडायला उठून जायचा, तेव्हा अंथरुणात त्याच्या जागेवर हात पडला की लागायची, तेवढीच.

"वहिनी, सरका जरा. ते आतून पार तापलंय."

"माहीत आहे. एवढं राहू द्या."

"सकाळपर्यंत नासेल."

"सकाळी टाकू," ती म्हणाली, आणि हात तसाच आत ठेवला.