वाकड्या चिमट्याची जागा

डॉक्टरांचा हात भिंतीकडे गेला आणि रिकामाच परत आला.

समोर टेबलावर शिंपी निळा पडत चालला होता. कोटाचं बटण ओठांत धरून तो शिवायला बसला होता. गिऱ्हाईक काहीतरी गमतीचं बोललं, हा हसला आणि बटण घशात गेलं. पाठीत थापा मारून झाल्या, पोट दाबून झालं, आता त्याची शुद्धही हरपली होती. डॉक्टरांनी त्याची जीभ उचलून आत उजेड पाडला होता. बटण दिसत होतं. ते काढायचा लांब, वाकडा चिमटा मात्र भिंतीवर नव्हता. त्याच्या आकाराची पांढरी रेघ होती, वर खिळा होता, खाली नाव होतं. चिमटा तेवढा नव्हता.

तातडीच्या विभागातल्या दोघी सिस्टर तिथेच उभ्या होत्या. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. थोरलीचाही. चिमटा कुठे आहे ते थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

थोरलीची या विभागात बावीस वर्षं गेली होती. अवजारांचं लोखंडी कपाट तिच्या ताब्यात, किल्ली तिच्या कमरेला. कुठली नळी कुठल्या खणात हे ती डोळे मिटून सांगायची. कुणाचं काही अडलं की हाक यायची, "ताई!" विभागप्रमुख चेष्टेने म्हणायचे की सही आमची चालते, राज्य ताईंचं. "काहीतरीच तुमचं," म्हणून ती झटकून टाकायची आणि दिवसभर मनात ते घोळवायची.

मग धाकटी आली. पहिले काही दिवस ती घड्याळ लावून नुसती बघत होती. मागितलेली वस्तू हातात यायला किती वेळ जातो, ते तिने लिहून काढलं. आणि एका रविवारी टेबलाच्या उशाशी भिंतीवर भलीमोठी फळी ठोकून घेतली. श्वासाची अवजारं डॉक्टरांच्या उजव्या हाताला, रक्त थांबवायची डावीकडे. प्रत्येकाला खिळा, प्रत्येकाभोवती रेघ. काय जागेवर नाही ते दारातूनच दिसावं. प्रमुखांनी सगळ्यांना बोलावून तिचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. थोरलीनेही वाजवल्या.

त्या दिवसापासून हाका थांबल्या. अख्खी सकाळ जायची आणि 'ताई' म्हणून कुणी हाक मारायचं नाही. तिने घरी नवऱ्याजवळ मन मोकळं केलं, तर तो म्हणाला, "बरं झालं की, तुझेच पाय वाचले." त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. विभागात दोघींना जावा म्हणू लागले होते. धाकटी 'ताई, ताई' करत गोड बोलायची, आणि तेच थोरलीला जास्त झोंबायचं.

काल दुसऱ्या एका इस्पितळातली माणसं ती भिंत बघायला आली. धाकटी त्यांना एकेक समजावून सांगत होती. प्रमुख थोरलीकडे वळून म्हणाले, "ताई, जरा चहाचं बघता का?"

तिने चहाचं बघितलं. ड्यूटी संपल्यावर भिंतीवरचा वाकडा चिमटा काढला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू. कुणी विचारलंच तर शांतपणे काढून द्यायची आणि म्हणायचं, बघा, कपाटच बरं होतं. तिच्या मनात एवढंच होतं.

"ताई!" डॉक्टर ओरडले.

ती धावली. बावीस वर्षांत डोळे मिटून उघडलेलं कुलूप आज उघडेना. किल्ली भोकाभोवतीच फिरत राहिली. पलीकडे शिंप्याची बायको त्याला नावाने हाका मारत होती. शेवटी कुलूप निघालं. चिमटा डॉक्टरांच्या हातात पडला आणि बटण बाहेर आलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग शिंप्याची छाती हलली.

त्याच्या बायकोने थोरलीचे दोन्ही हात कपाळाला लावले. डॉक्टर घाम पुसत म्हणाले की ताई होत्या, त्यांच्या कपाटात जादा चिमटा होता, म्हणून निभावलं. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"रोज सकाळी भिंत तपासायचं काम माझं आहे, सर," ती मान खाली घालून म्हणाली. "चूक माझी."

तीन महिने जे हवं होतं ते सगळं आयतं थोरलीच्या पदरात पडलं होतं. तिच्या घशाखाली ते उतरेना. शिंप्याला वॉर्डात हलवल्यावर ती मागच्या खोलीत गेली. धाकटी नळाखाली चिमटा घासत होती. कधीचाच स्वच्छ झाला होता, तरी घासत होती.

"तो मी काढला होता," थोरली म्हणाली. "काल, जाताना. तुझी फजिती व्हावी म्हणून. मी सरांना सांगणार आहे."

धाकटीने नळ बंद केला. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"एवढी भिंत केली मी," ती हळूच म्हणाली, "तरी काही अडलं की सगळे आधी तुमच्याच तोंडाकडे बघतात." तिने चिमटा ओट्यावर ठेवला. "तो खिळा मला सकाळीच रिकामा दिसला होता, ताई. तो तुमच्याच कपाटातून निघावा, तुमचं पितळ उघडं पडावं म्हणून मी तो तसाच राहू दिला."