ॲडजस्ट करा ना

लोणावळ्याची माधवी मावळातल्या एका कारखान्यात चिनी इंजिनिअरांना इंग्रजी शिकवायची. त्यांतल्या लिनबाईंनी विचारलं, “ॲडजस्ट तर मशीनला करतात ना? मग मॅनेजर माणसांना का सांगतात?”

“इथे त्याचा अर्थ, गैरसोय गिळा आणि गप्प बसा.”

तेवढ्यात मॅनेजर आले. “माधवी, बायकांच्या टॉयलेटमध्ये आता माल ठेवायचाय. त्यांना सांग, गेटबाहेरचं वापरा. थोडं ॲडजस्ट करा.”

“नाही करणार आम्ही,” माधवी म्हणाली आणि मशीनवरच्या सगळ्या बायकांना घेऊन टॉयलेटच्या दारातच ठाण मांडून बसली.

मॅनेजर लिनबाईंकडे वळले. “मॅडम, तुम्ही तरी समजवा.”

लिनबाई बायकांच्या रांगेत जाऊन बसल्या आणि मॅनेजरांनाच म्हणाल्या, “यू ॲडजस्ट.”