आमच्याकडे तायको नाही

या, असे जवळ येऊन बसा. सांगणाऱ्याचा आवाज आज जरा खाली आहे, मागं ऐकू यायचा नाही. गोष्ट सांगतो ती हिगाशी-कसाई नावाच्या जपानी वस्तीतल्या एका कीर्तनाची. फुटबॉलचीही आहे, पण ते कळेलच.

वस्तीच्या सभागृहाच्या दारात गुणवंत आणि हुसाम बूट काढत होते. गुणवंत पुण्याचा, आठवडाभर सॉफ्टवेअर आणि सुट्टीला कीर्तन. हुसाम त्याच्याच ऑफिसातला, कैरोचा, तिथल्या अल अहली या फुटबॉल क्लबचा पाठीराखा. पाठीराखा हा शब्द थोडा पडतो, भक्तच म्हणा. येत्या रविवारी, एक फेब्रुवारीला, दुपारी गुणवंतचं कीर्तन होतं आणि त्यानंतर त्याच हॉलमध्ये हुसामची मंडळी जमणार होती. दोन हजार बारा साली त्याच तारखेला पोर्ट सईदच्या मैदानात अल अहलीचे सत्तरहून जास्त पाठीराखे मारले गेले. हुसामचा धाकटा भाऊ शेरीफ त्यांच्यातच होता. दरवर्षी त्या दिवशी इथले दहा-बारा जण लाल शर्ट घालून त्यांच्यासाठी गातात. त्यासाठीचा ढोल कपाटात ठेवायला हुसाम आला होता.

तेवढ्यात हॉलच्या किल्ल्या सांभाळणारे कुबोता-सान आले. त्यांनी आधी नमस्कार केला, हवापाणी विचारलं आणि मग कसंनुसं तोंड करून म्हणाले, "शनिवारी फार आवाज झाला. मागच्या घरातल्या आजींनी तक्रार केलीय. तायको वाजवणारी मंडळी कोण? त्यांना रविवारी हॉल देता येणार नाही."

तायको म्हणजे मोठा जपानी ढोल. शनिवारी तालीम गुणवंतची होती. साथीला बसणाऱ्या जयेशचा मृदंग रंगला होता आणि खिडकी उघडी राहिली होती. हुसामची माणसं त्या दिवशी हॉलकडे फिरकलीही नव्हती.

गुणवंतच्या डोळ्यांपुढं पुण्याहून आलेले आईवडील उभे राहिले. सगळ्या वस्तीला आमंत्रणं गेली होती.

"तायको?" तो म्हणाला. "आमच्याकडे तायको नाही."

शब्द न् शब्द खरा होता. त्यांच्याकडे मृदंग होता.

कुबोता-सानची नजर हुसामच्या खांद्यावरच्या ढोलाकडे गेली. हुसामनं गुणवंतकडे एकदा पाहिलं आणि तो कमरेत वाकला. "माफ करा. आवाज आमचा होता."

कुबोता-सान गेल्यावर गुणवंत पुटपुटला, "अरे, तू कशाला..."

"तुझ्याकडे म्हातारी माणसं यायचीत. थंडीत कुठं बसवशील त्यांना?" हुसाम बूट परत घालत म्हणाला. "आम्हाला उभं राहायची सवय आहे. सगळा सामना आम्ही उभ्यानंच बघतो." मग हसला. "मी तर तोही बघत नाही."

ते खरं होतं. कैरोत असताना स्टँडमध्ये गाणं उचलून देणारा तो होता. तसा माणूस मैदानाकडे पाठ करून, गर्दीकडे तोंड करून उभा राहतो. गुणवंतनं एकदा चिडवलंही होतं, 'हा कसला रे तुझा धर्म, देवाकडेच पाठ?' तेव्हा हुसाम म्हणाला होता, 'गोल झालेला मला गाणाऱ्यांच्या तोंडावर दिसतो.'

घरी बायकोनं, नयनानं, सगळं ऐकून घेतलं. कीर्तनात पेटीची साथ तिचीच.

"मृदंगाला तायको म्हणत नाहीत, बरोबर आहे," ती म्हणाली. "पण भाषांतराची परीक्षा नव्हती रे ती."

"उद्या सांगतो कुबोता-सानना."

"सांग."

त्यानं सांगितलं नाही.

रविवारी हॉल भरला. निरूपणाचा विषय आधीच ठरलेला होता, वाणीची शुद्धता. माणसं डोलली. पूर्वरंग संपला, तसे वडील उठले. त्यांनी मुलाच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. मग अभिमानानं सगळ्या हॉलकडे पाहिलं.

त्या शांततेत बाहेरून टाळ्या ऐकू आल्या.

समोरच्या बागेत लाल शर्टातली दहा-बारा माणसं उभी होती. ऊन जायच्या आत उरकावं म्हणून लवकर आली असावीत. ढोल नव्हता. टाळीवरच, दबक्या आवाजात गात होती. हुसाम सगळ्यांकडे तोंड करून उभा, दोन्ही हात वर.

आत कुणीतरी नकळत त्याच ठेक्यावर टाळी धरली. मग दुसऱ्यानं धरली.

"कोण रे ही माणसं?" वडिलांनी विचारलं. "काय सुरेख ताल धरलाय!"

"फुटबॉलवाले आहेत," गुणवंत म्हणाला.

पेटीवरची नयनाची बोटं थांबली.

उत्तररंग कसाबसा पार पडला. शेवटी, वारलेल्या माणसांची नावं घ्यायची त्यांच्या मंडळाची रीत होती. ज्यानं त्यानं आपलं माणूस आठवावं, नाव मोठ्यानं घ्यावं आणि सगळ्यांनी हात जोडावेत. आजोबांची नावं आली, मावशीचं आलं, जयेशच्या गुरुजींचं आलं. मग सगळे गुणवंतकडे पाहू लागले. शेवटचं नाव कीर्तनकारानं घ्यायचं असतं.

त्यानं तोंड उघडलं. समोर सगळे चेहरे. त्यांत वडिलांचा.

त्यानं त्या चेहऱ्यांकडे पाठ फिरवली, तसबिरीकडे तोंड केलं आणि आरती सुरू केली.

एक नाव तिथं घ्यायचं राहून गेलं. उठण्याआधी तेवढं तुम्ही घ्या, बाबांनो. शेरीफ. कैरोचा, हुसामचा धाकटा भाऊ.